वहिनीच्या हाका

माझ्या वहिनीचा आवाज तुम्ही ऐकला आहे. नाही म्हणू नका. "अहो, उठा की! अहो, उठा की!" एवढाच. गेममध्ये कुणी गोळी लागून पडला की पोरं हा आवाज लावतात. जेवून आडव्या झालेल्या नवऱ्यांच्या व्हिडिओंना लावतात. सभेत पेंगणाऱ्या पुढाऱ्यांना लावून झाला, चिखलात बसलेल्या म्हशीलासुद्धा लावून झाला. तुम्हीही हसला असाल. हसा, दात दाखवायला काय जातंय! तो आवाज माझ्या वैजयंतीवहिनीचा आहे, आणि ती ज्याला उठवत होती तो माझा भाऊ, महिपती. तो झोपलेला नव्हता.

वहिनी माढ्याकडची. उसाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला जेवायला बोलवायचं, यावर तिचा गळा तयार झालेला. लग्न होऊन सोलापुरात आली, दोन खोल्या आणि वर एक पत्र्याची खोली एवढ्या घरात राहिली, तरी आवाज काही खाली आला नाही. सात रस्त्याच्या पुढे एका कारखान्यात शाळेचे युनिफॉर्म शिवतात, तिथे ती काज-बटणाला जाते. पण गल्ली तिला ओळखायची ती पाण्यामुळे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. महिपती महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर. त्यामुळे वहिनीला आधी कळायचं आणि मग ती दारात उभी राहून "पानी आलंऽऽ" अशी आरोळी ठोकायची. गल्लीच्या त्या टोकापर्यंत हंडे वाजायला लागायचे. महिपती चिडवायचा, "महापालिकेनं हिलाच पगार द्यायला पाहिजे."

त्यांचा एकुलता एक पृथ्वीराज. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला. वरच्या खोलीत कॉम्प्युटर, कानावर ते हेडफोन, आणि कुठल्या कुठल्या गावची पोरं गोळा करून दिवसभर मारामारी. ती मारामारी इतर पोरं बघतात म्हणे. महिपतीने एकदा विचारलं, "हा वर करतो काय गं?" वहिनी म्हणाली, "लाइव असतोय." "मग आमी काय मेलोय व्हय?" महिपती म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो.

एप्रिलातली दुपार. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. महिपती कामावरून आला, पाय धुवायला मोरीत गेला आणि तिथेच कोसळला. वहिनी धावली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोकं खाली टेकवलं की घशातून घरघर यायची, म्हणून त्याला सोडून तिला उठता येईना. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. हाका मारल्या. आधी त्याला, मग वर पृथ्वीराजला. गल्लीत सगळे दारं लावून कूलरपुढे पडलेले. शेवटी शेजारची शिवम्मा गच्चीवरच्या मिरच्या उलथायला आली आणि तिने ऐकलं. रिक्षा तिनेच आणली. रिक्षा दारात आल्यावर, चार माणसं घरात शिरल्यावर, पृथ्वीराज जिना उतरून खाली आला. हेडफोन गळ्यात होते.

महिपती दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. ते सहज बोलून गेले, त्यांना असले रोज दहा येतात. माझ्या काळजात मात्र ते वाक्य घुसलं ते घुसलंच.

दहाव्याला आलेल्या बायका कुजबुजायला लागल्या, की पोरगं वरच होतं म्हणे. वहिनीने तिथल्या तिथे त्यांना झापलं. "माज्या पोराला बोल लावायचा न्हाय. कानात टोपणं घातल्यावर त्याला कुटलं ऐकू येतंय? त्याचा बाप गेलाय, आन तुमी त्यालाच खाताय व्हय?" नवरा गेला होता. पोराने ऐकलं नव्हतं, ऐकलं असतं तर तो धावला असता, एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती. तिच्यावर ती उभी होती. ती काढून घ्यायला मी कोण?

मग जूनमध्ये तो आवाज सुटला. मी पहिल्यांदा ऐकला सात रस्त्याच्या एका मोबाइलच्या दुकानात. फोनची काच बदलायला गेले होते. काउंटरमागचा मुलगा फोनवर काहीतरी बघत खिदळत होता, आणि त्यातून माझी वहिनी ओरडली. "बंद कर ते," मी म्हणाले. "काकू, चिल. कॉमेडी आहे," तो म्हणाला. मी बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्या दिवशी जे शब्द माझ्या तोंडात आले ते कुठल्याही पुस्तकात नाहीत. काच न बदलताच घरी आले.

पृथ्वीराजला मी जिन्यात गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मी नाही टाकलं, आत्या. लाइव्हमधनं कुणीतरी कापलं."

"मग काढायला सांग."

"आता नाही काढता येत. हजार ठिकाणी गेलंय."

"तुझ्या माइकला ऐकू गेलं. मग तुला कसं नाही गेलं?"

त्याने मला समजावून सांगितलं. माइक बाहेरचं सगळं पकडतो, कानात फक्त गेमचा आवाज येतो, हेडफोन बाहेरचा आवाज मारून टाकतात, वगैरे. इंग्रजी शब्दांची माळच ओवली. मी त्यातलं काय खोडून काढणार? पण मनातली शंकेची पाल काही चुकचुकायची थांबली नाही. आणि तो? तो त्याच दिवशी पुन्हा वर जाऊन खेळायला बसला. वरून गोळ्यांचे आवाज येत होते.

ऑगस्टमध्ये सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. स्टाफरूममध्ये पेपरचं मोठ्याने वाचन झालं. "बरं झालं, पोरं वाचली," असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि चहा मागवला. मी विचारलं, कुठली पोरं वाचली? आमच्या पृथ्वीराजने एक रुपया लावला नव्हता. कायद्याच्या हिशेबात तो धुतल्या तांदळासारखा. ज्याचे पैसे जातात त्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं. ज्याचा बाप जातो त्याला कुठलं कलम लावायचं? यशोदाबाईंना भाऊ गेल्यापासून जरा त्रास होतोय, असं नंतर माझ्या पाठीमागे बोललं गेलं. होतोच आहे त्रास. तुम्हाला का होत नाही?

त्याच आठवड्यात एका पेपरच्या तंत्रज्ञानाच्या पानावर आलं, "सोलापुरी काकूंचा आवाज गेमर्समध्ये हिट." सोबत चित्र. हातात लाटणं घेतलेली एक जाडी बाई आणि घोरणारा ढेरपोट्या नवरा. माझा भाऊ काडीसारखा होता. लिहिणाऱ्याने क्लिप शोधली, आकडे शोधले, चित्र काढून घेतलं. तो माणूस पुढे उठला का, हे शोधावंसं त्याला वाटलं नाही.

वहिनीपासून मी हे सगळं लपवत होते. तिचा फोन साधा. पण कोंबडं किती दिवस झाकणार? कारखान्यातल्या एका पोरीने जेवणाच्या सुट्टीत क्लिप लावली आणि म्हणाली, "वैजूमावशी, अगदी तुमच्यासारखा आवाज हाय बघा!" वहिनीने ऐकलं. परत लाव म्हणाली, परत ऐकलं. मग राहिलेली बटणं लावून घरी आली. मला एवढंच म्हणाली, "वन्सं, ह्यात हासण्यासारखं काय हाय?"



त्या दिवसापासून तिने पाण्याची आरोळी बंद केली. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिला बघून "अहो, उठा की" करायला लागली होती. महिपतीच्या जागी आलेला माणूस अजून तिला फोन करून पाण्याची वेळ सांगायचा. ती मुकाट्याने आपले हंडे भरायची आणि दार लावून घ्यायची. गल्लीचं पाणी दोनदा चुकलं. मग आले सगळे तक्रार घेऊन. "वैजयंती, सांगायचं न्हाय व्हय?" मी नेमकी तिथे होते. म्हटलं, तुमची पोरं तिची नक्कल करतात तेव्हा तुम्ही कडेला उभे राहून हसता, आणि आता तिचा गळा पाहिजे? टँकर मागवा! चार घरं माझ्याशी अजून बोलत नाहीत. नका बोलू.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी वहिनीकडे गेले. पृथ्वीराज जेवायला बसला होता, वहिनी भाकरी थापत होती. तिचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितलं.

"नमस्कार, वैजयंतीकाकू का? मी अद्वैत, पुण्याहून. आम्ही गेम बनवतो. तुमच्या मुलाच्या टीममधल्या एकाने नंबर दिला."

"आई, कट कर. फ्रॉड असतात असले," पृथ्वीराज म्हणाला. घास त्याच्या हातात तसाच राहिला.

"बोलू दे की त्याला," वहिनी म्हणाली.

पोरगा गोड बोलत होता. त्यांच्या नव्या गेममध्ये प्रत्येक भाषेतला आवाज घेणार आहेत. खेळाडू पडला की काकूंचा आवाज येईल. महाराष्ट्रातली सगळी पोरं तो ऐकतील. काकूंची परवानगी हवी आणि स्टुडिओत नीट रेकॉर्डिंग करायचं.

"ते मोबाइलमधी हाय की तुमच्याकडं," वहिनी म्हणाली.

"हो, पण ते मधेच तुटतं ना, काकू. आम्ही मूळ व्हिडिओपण मिळवला. पण तुम्ही ओरडायला लागल्यावर तुमच्या मुलाने म्यूट केलंय."

"म्हंजे?"

"आई, कट कर ना!" पृथ्वीराज ओरडला.

"म्यूट म्हणजे आवाज बंद," पुण्याचा पोरगा आपला समजावून सांगत होता. "तो म्हणतो, 'सॉरी भावांनो, आई ओरडतीय, थांबा म्यूट करतो.' मग त्याने बटण दाबलं. पुढचं तुमचं काहीच आलेलं नाही. तो पुढे खेळतोय फक्त."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी गॅस बंद केला. समोर बसलेल्या त्या पोराच्या मुस्काटात भडकवावी, एवढंच मला सुचत होतं.

वहिनीने हात पुसले. "तुला ऐकू आलतं?"

"आई, मला वाटलं बाबा झोपलेत. तू नेहमीसारखी उठवतीयस त्यांना. मॅच शेवटाला आली होती, मी संपली की येणारच…"

"आन मग तुला हाका मारल्या त्या?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. वहिनी ओरडली नाही. गल्लीच्या त्या टोकाला आवाज पोचवणारी बाई, ती नुसती त्याच्याकडे बघत उभी होती. मला ते सहन होईना. ओरड गं, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरड त्याच्यावर.

"काकू, आहात ना लाइनवर?" फोनमधून आवाज आला. "आता एकदा म्हणून दाखवता का? आवाजाचा अंदाज येईल."

वहिनीने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"म्हणते की," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातलं सामान सांगावं तसा. "अहो, उठा की. अहो, उठा की. पिर्थ्या, आरं तुजा बाप पडलाय. ये की लवकर. आरं पिर्थ्या, डोळं फिरवल्यात त्यांनी. मला उचलंना रं. ये की बाबा, पाया पडते तुज्या. एवढं म्हटलं हुतं मी. घेणार असशील तर समदं घे. अर्धं देणार न्हाय."

पलीकडे तो पोरगा घसा खाकरून म्हणाला, "काकू, सॉरी… पण हे लांब होतंय. आम्हाला दोनच सेकंदांचं लागतं."

वहिनीने फोन पृथ्वीराजच्या ताटाशेजारी ठेवला.

"दोनच सेकंद लागत्यात म्हणं," ती त्याला म्हणाली. "तुला बी जिना उतराया तेवढीच लागली असती."