भावोजींनी बंद केलेली बस

माझे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, दुसऱ्याच्या घरी गेले तरी तिथले दिवे बंद करत फिरायचे. पाहुणा उठून आमच्या मोरीतला नळ घट्ट पिळून येतो, तेव्हा यजमानाने काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी धाकटी मेहुणी, त्यामुळे मला तोंड सोडायची मुभा होती. "भावोजी, आता सूर्य तेवढा राहिलाय," असं मी म्हणायचे. ते हसायचे आणि जाता जाता माझ्या खोलीतला पंखा बंद करायचे. मी त्या खोलीत बसलेली असायचे.

त्यांनी उभी हयात शाळेची बस चालवली. सिग्नलला इंजिन बंद, शाळेच्या गेटपाशी इंजिन बंद. मालक त्यांच्यावर खूश होता. पण खूश मालकानेही एक दिवस सगळ्या बस विकून टाकल्या आणि भावोजी घरी बसले. ड्रायव्हर घरी बसला की घरातल्यांचे हाल असतात. ताई जरा पाठमोरी झाली की ते तिचा गॅस बारीक करून जायचे, आणि भाजी रोज कच्ची राहायची. आम्ही हसायचो खरे, पण माणूस आतून खचला होता. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खिडकीत बसायचे आणि कुठेही जायचे नाहीत. मला त्यांची दया यायची, आणि दया येते म्हणून त्यांचाच राग यायचा.

अशात कोणीतरी त्यांना एक नोकरी सांगितली. पार उत्तरेला, जिथे नकाशावर गावांची नावं विरळ होत जातात, तिथे मासळीचा एक कारखाना होता. हिवाळ्याच्या हंगामापुरते कामगार हवे होते आणि त्यांची ने-आण करायला ड्रायव्हर. राहायला खोली मिळणार होती. हंगाम नीट निभावला तर ड्रायव्हरला कायम ठेवणार होते.

ताई म्हणाली, "वेड लागलंय का? या वयात बर्फात?"

भावोजी एवढंच म्हणाले, "अगं, कुणाला तरी मी हवाय."

ताईने अट घातली. तीही बरोबर येणार, एक हिवाळा, त्यानंतर सरळ घर. पुन्हा त्या बर्फाचं नाव काढायचं नाही. भावोजींनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नुसतीच, ते ताईलाही कळलं नाही. मी कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून बायकांना रंग दाखवत होते आणि त्या रंगांना विटले होते. मी म्हटलं, मलाही न्या. अशी आमची तिघांची वरात उत्तरेला निघाली.

तिथे पोचल्यावर कळलं, की थंडी आजवर आपण नुसती ऐकून होतो. आमच्या खोलीला एकापुढे एक अशा दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींमधून काही दिसत नव्हतं, कारण दुपारच्या चहालाच अंधार पडायचा. भिंतीच्या कडेने गरम पाण्याचा जाड पाइप जायचा. त्यावर आमचे हातमोजे, पायमोजे आणि भावोजींची कानटोपी वाळत असायची. ताई रोज आल्याबरोबर त्या पाइपाला पाठ लावून उभी राहायची आणि माहेरच्या, सासरच्या, शेजारच्या सगळ्यांची आठवण काढून घ्यायची.

कारखान्यात आम्हा दोघींना पॅकिंगचं टेबल मिळालं. रबरी एप्रन, गुडघ्यापर्यंत बूट, पट्ट्यावरून येणारी मासळी. ती मापाने निवडायची, खोक्यात शेपटी-डोकं उलटसुलट लावायची, वर बर्फ. बर्फ आणून ओतणारा एक धिप्पाड माणूस होता. त्याला सगळे बर्फवाला म्हणायचे. तो कधी हसायचा नाही. मला काम जमलं. ताईला माझ्याहून छान जमलं, पण तिने ते कबूल केलं नाही. तिला घरी जायचं होतं आणि आवडलं म्हटलं असतं तर केस कमजोर झाली असती.

आणि भावोजी? भावोजी पुन्हा माणसात आले. इस्त्रीचा शर्ट तीन स्वेटरांखाली कुठेतरी असायचा, पण असायचा. ते कामगारांना वस्तीवरून कारखान्यात न्यायचे आणि परत आणायचे. संध्याकाळी जेवताना कोणत्या वळणावर बस कशी अलगद घेतली ते आम्हाला ताटातल्या चमच्याने दाखवायचे. "हंगाम निभावला ना, की झालं," असं म्हणायचे. म्हणताना ताईकडे बघायचे नाहीत.

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला खात होती. तिथे बसचं इंजिन बंद करत नसत. पाळी सुरू झाली की संपेपर्यंत ते चालूच. पाळी संपली की डेपोत बसच्या नाकातून लोंबणारी वायर खांबाच्या प्लगमध्ये खोचायची, म्हणजे इंजिन गारठत नाही. डेपोवाल्या बाई, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांच्या साहेब, यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाहेर बंद केलीत तर ती परत उठणार नाही. आत माणसं असतील." भावोजींना पटलं होतं. पण पटणं डोक्याचं असतं आणि सवय हाताची. गेटपाशी रिकामी बस घरघरत उभी असली की ते तिच्याभोवती चकरा मारायचे. "डिझेल जातंय गं," असं मला कळवळून सांगायचे. मी म्हणायचे, "तुमच्या खिशातून जातंय का?"

एक दिवस मासळी जास्त आली आणि आमची पाळी लांबली. भावोजी गेटबाहेर थांबले. थांबले, थांबले, आणि मग त्यांच्या हाताने किल्ली फिरवली. पुढे ते आम्हाला म्हणाले, की केव्हा फिरवली हे त्यांनाच कळलं नाही. बस शांत झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं, हेही त्यांनी सांगितलं. खरं सांगायची त्यांना भारी हौस.

आम्ही बाहेर आलो. घामाने ओल्या अंगाने बसमध्ये चढलो. मागे कारखाना धुवायचा म्हणून दार आतून लावून घेतलं होतं, आणि पाण्याच्या आवाजात ठोठावलेलं कुणाला ऐकू गेलं नसतं. भावोजींनी किल्ली फिरवली. बस खोकली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. खिडक्यांवर आतून बर्फ धरायला लागला. कोणी ओरडलं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. लोक एकमेकांना चिकटून बसले. एका बाईच्या पापण्या पांढऱ्या झाल्या आणि ती रडायला लागली. भावोजींनी वायरलेसवर डेपोला कळवलं. मग ते प्रत्येकाजवळ जाऊन पाय आपटायला सांगत राहिले. तेवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डेपोवाल्या बाई दुसरी बस घेऊन आल्या. बरोबर मिस्त्री होता. भला माणूस. त्याने बॉनेट उघडून बाईंना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपोआप बंद पडलेली दिसते." आणि भावोजींकडे बघून भुवई उडवली.

भावोजी म्हणाले, "नाही. मी बंद केली."

ताईने कपाळावर हात मारून घेतला.

बर्फवाला उठून खाली उतरला आणि भावोजींच्या अगदी तोंडासमोर उभा राहिला. "आम्ही मेलो असतो," एवढंच म्हणाला. भावोजींनी मान खाली घातली. तो माणूस खोटं बोलत नव्हता.

त्या डेपोची एक रीत होती. मिस्त्रीने वाटेत ती आम्हाला समजावली. ज्याच्या हातून बस मेली, त्याला बाई काढत नाहीत आणि ठेवतही नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टॉपवर दोन बस उभ्या करतात, एक त्याची आणि एक दुसऱ्या ड्रायव्हरची. लोक ज्याच्या भरवशावर बसायला तयार असतील त्याच्या बसमध्ये चढतात. त्याची रिकामी राहिली तर तो सामान बांधतो.

खोलीत आल्यावर भावोजी पाइपापाशी खाली बसले. "सामान बांधून ठेव," ताईला म्हणाले. तिला हवं तेच होत होतं, हंगाम संपायच्या आधीच. मी तिच्याकडे बघत होते, पण तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने सामान बांधलं नाही. भावोजींचा शर्ट मात्र घेतला आणि त्याला इस्त्री केली.

सकाळी स्टॉपच्या दिव्याखाली दोन्ही बस उभ्या होत्या, दोन्हींची इंजिनं चालू. भावोजी आपल्या सीटवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. लोक जमले. पण कोणी चढेना. काही वेळाने लक्षात आलं, की सगळे ताईकडे बघताहेत. आजवर कोणी ड्रायव्हर बायको घेऊन आलाच नव्हता, त्यामुळे तिने काय करायचं याची रीतच नव्हती. आणि त्यांचं तिच्याकडे बघणं बरोबरच होतं. या माणसाला हिच्याइतकं कोण ओळखणार?

बर्फवाल्याने तिला विचारलं, "काय बाई? बसायचं का याच्या गाडीत?"

ताईने दोन्ही बसकडे बघितलं. दुसऱ्या बसमध्ये चढली असती, तर आठवड्याच्या आत ती आपल्या स्वयंपाकघरात असती. मला वाटलं, चढते आता. तिने तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"माझा नवरा एक चूक दोनदा करत नाही," ताई मोठ्याने म्हणाली. "इतकी वर्षं बघतेय. दर वेळी नवीन करतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. बर्फवाला हसला नाही, पण बाजूला सरकून त्याने ताईला वाट दिली. ती भावोजींच्या बसमध्ये चढली आणि अगदी पुढच्या सीटवर बसली. मागोमाग मी. माझ्यामागे बर्फवाला, मग पापण्या गोठलेली ती बाई, आणि मग दारात गर्दीच झाली. काहीजण दुसऱ्या बसमध्ये गेले. जाऊ देत, त्यांची भीती खरी होती.

भावोजींनी वळून ताईकडे बघितलं. काहीतरी म्हणायला गेले, तर तिनेच त्यांना गप्प केलं.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. हळू, पण मला ऐकू आलं. "कालही जायचं होतं, आजही जायचंय. पण तुम्हाला कुणी उतरवलं म्हणून मी परत जाणार नाही. तसे परत गेलात, तर पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसाल, आणि ते मला आता बघवणार नाही."

भावोजींना गिअर सापडेना. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. मागून बर्फवाला ओरडला, "निघा हो आता!" त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि बस काढली.