चपलांच्या मेलवर तालमीची सही

मंडळी, आज काय झालंय ते सांगितल्याशिवाय चैन पडंना!

माझ्या मोबाईलवर तीन ईमेल पत्ते हायत. एक माझा, एक आमच्या उचगावच्या चपलांच्या दुकानाचा आणि एक तालमीचा, कारण तिथला सेक्रेटरी मीच. एकातनं बाहेर पडा, दुसऱ्यात शिरा, डोकं उठायचं. म्हणून सकाळी तिन्हीकडचे मेल एकत्र दाखवणारं ॲप घेतलं. एक नंबर चीज हाय!

उघडलं तर सगळ्यात वर पुण्याच्या एका दुकानदार बाईंचा मेल. "तुमच्या चपलांचा तळ खरंच टिकतो का?" कोल्हापूरबाहेरनं आलेली ही पहिलीच विचारणा. मी जोशात "डोळं झाकून घ्या" असं लिहून पाठवून दिलं.

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अवं, खाली काय गेलंय बघा की!"

बघतो तर मेल तालमीच्या पत्त्यावरनं गेलेला. खाली तालमीची सही, "जय बजरंग! लाल माती, रोज दोनशे जोर." ॲपनं तोच पत्ता मुख्य धरलेला. गेली ऑर्डर, म्हणून मी कपाळाला हात लावला.

तासाभरात बाईंचं उत्तर आलं. "पैलवान वापरतात होय? मग तळ टिकणारच. पन्नास जोड पाठवा."

आनंदाच्या भरात मी ते तालमीच्या ग्रुपवर टाकलं. आता चार पैलवान दारात उभं हायत. "आमी वापरतोय न्हवं? मग आमच्या चपला कुठं हायत?"

सांगा मंडळी, आधी कुणाच्या शिवू?