ग्रहण, बसच्या पडद्याआडून

शिफ्टचं वेळापत्रक बघून सहल ठरवणारी माणसं पंचांग बघत नाहीत, हे मला लग्नानंतर कळलं. नवरा चाकणच्या कंपनीत. त्याच्या लाइनवरच्या सगळ्यांना दिवाळीत एकच सुट्टी जमत होती, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची. झालं! बस ठरली, मावळातली जुनी दगडी देवळं दाखवणारा गाइड ठरला. त्या संध्याकाळी सूर्यग्रहण आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. धन्य ती मंडळी!

सासूबाईंना ते बसमध्ये बसल्यावर कळलं. मला पाचवा महिना. त्या मला घेऊन उतरायलाच निघाल्या होत्या, पण तोवर देहूरोड मागं पडलं होतं.

"गिऱ्हान लागलं की खाली पाय ठिवायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पडदं वढून बसायचं. कायबी कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई. आईक माझं."

एरवी मी भांडले असते. हिंजवडीत दिवसभर कंप्युटरशी डोकं लावणारी बाई मी, ग्रहणाला कशाला भिऊ? पण गप्प बसले. नवऱ्याच्या मिशीखाली टाक्यांची खूण आहे. तो फाटलेला ओठ घेऊनच जन्मला. तो पोटात असताना सासूबाईंनी ग्रहणात भोपळा चिरला होता. घरात पाहुणे होते, आणि चिरायला त्यांच्या सासूनंच सांगितलं होतं, पण ते सगळे सोयीस्करपणे विसरले. माझ्या आत्तेसासूबाई तर अजूनही प्रत्येक लग्नकार्यात कुणा ना कुणा गरोदर पोरीला ही गोष्ट ऐकवतात, तीही सासूबाईंच्या देखत. सासूबाई मान खाली घालून पोळ्या लाटत राहतात. असा संताप येतो ना मला!

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. बाळाच्या वडिलांचा ओठ तसा होता म्हटल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या सोनोग्राफीत बाळाचा ओठ नीट बघून घेऊ. ओठ तिसऱ्या महिन्यापर्यंत तयार होतो, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, हेही त्यांनी समजावलं होतं. मला सगळं कळत होतं. भीती मात्र हटत नव्हती.

शेवटच्या देवळाशी पोचलो तर दाराला कुलूप. ग्रहण सुटल्याशिवाय उघडणार नाही, असं गुरवानं सांगून टाकलं. गाइड बिचारा गडबडला. मग त्यानं ग्रहण बघायचे चष्मे वाटले आणि सगळ्यांना बाहेरचं कोरीवकाम दाखवायला घेऊन गेला. नवरा बसच्या दारात घुटमळत होता.

"मी थांबू का?"

"जा रे बाबा. तुझ्या ओठाला आता काय होणारे?"

तो हसला, पण मोकळेपणानं नाही.

बसमध्ये आम्ही दोघीच उरलो. सासूबाईंनी पडदे ओढले, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि घट्ट धरून बसल्या. आत नुसतं उकडत होतं. माझं नाक खाजायला लागलं, तर तेही त्यांनीच आपल्या पदरानं पुसलं. माझे हात काही सोडले नाहीत.

पडदे जुने, भोकं पडलेले. मावळतीचं ऊन त्यातून आत येत होतं आणि सासूबाईंच्या हिरव्या लुगड्यावर उजेडाचे गोल ठिपके पडले होते. बाहेर "लागलं, लागलं!" असा गलका झाला. बघता बघता ते ठिपके एका बाजूनं कुरतडल्यासारखे झाले. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक ग्रासलेला सूर्य.

"आई, बघा, तुमच्या लुगड्यावर ग्रहण."

त्यांनी खाली बघितलं आणि पदर ओढून माझ्या पोटावर घातला. त्यांचे ओठ पुटपुटत होते. मीही मनात म्हणत होते, नीट असू दे, एवढं नीट असू दे. सूर्य तसाच ग्रासलेला बुडाला. ठिपके विझले, तरी अंधार पडेपर्यंत त्यांनी माझे हात सोडले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या ओठाला फट होती. ऑपरेशननं छान होतं, डॉक्टरीणबाई परत परत सांगत होत्या. मला रडूसुद्धा आलं नाही. घरी आल्यावर नवरा मिशीवर हात ठेवून कोपऱ्यात बसला.

संध्याकाळी, बातमी कळल्यावर, आत्तेसासूबाईंचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"गिऱ्हानात गरवार बाई हिंडवली, दुसरं काय व्हनार? काय कापलं गं तिनं?"

"कायबी न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तिचं दोनी हात माझ्या हातात व्हतं. अंधार पडस्तवर."

आणि त्या थांबल्या. फोनकडे बघत राहिल्या.

"म्हंजी वन्सं, मी बी कायबी केलं न्हवतं."

पलीकडून काहीतरी बोलणं चालू होतं, पण त्यांनी फोन बंद केला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा इतका मोकळा झाला होता की मला तो बघवेना. माझ्या बाळाच्या ओठाला फट, आणि ह्यांना सुटल्यासारखं वाटतंय! राग आला मला त्यांचा, खरंच आला.

त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आन तू बी न्हाई," त्या म्हणाल्या. "आईकलंस का, पोरी? उद्या कुनीबी कायबी बोलू दे. तू कायबी केलं न्हाईस."

जन्मभर त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. मला मात्र त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.