फ्लेक्सवरचे भूगोल सर

सत्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणी नसलं, तरी त्याची सदसद्विवेकबुद्धी असते. माझ्या पाठीशी एक फ्लेक्स होता. चांगला वीस फुटी, हिरवागार, आणि त्यावर दुसऱ्याचा फोटो होता. तो माझा असता तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि मी आज पोलाद उद्योगाबद्दल बरंच चांगलं बोलत असतो.

फोटो आमच्या भूगोल सरांचा होता. जालन्यातल्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं शिकवलं. ते भूगोल, मी मराठी. एकाच दिवशी निवृत्त झालो आणि औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, शिक्षकांच्या सोसायटीत, भिंतीला भिंत लावून राहतो. वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळया करतात. सळया देशभर जातात. काजळी आमच्या गच्चीवर येते.

या काजळीबद्दल आम्ही बारा वर्षं अर्ज केले. मजकूर माझा असायचा. भूगोल सर त्याला वाऱ्याच्या दिशेचा नकाशा जोडायचे. त्यात आमची सोसायटी एका टिंबाने दाखवलेली असे. एकदा उत्तर आलं की आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे. योग्य ते कार्यालय कोणतं, असं आम्ही विचारलं. तो अर्जही योग्य त्या कार्यालयाकडे गेला.

मग त्यातल्या सर्वात मोठ्या कारखान्याला एके दिवशी पृथ्वीची काळजी वाटू लागली. पृथ्वी तापते आहे, हे त्यांना कळलं होतं. जेवढा धूर सोडू त्याला पुरतील एवढी झाडं लावू आणि एका ठरावीक वर्षापर्यंत धुराची नि झाडांची बरोबरी करून दाखवू, असं त्यांनी जानेवारीत एका समारंभात जाहीर केलं. ते वर्ष इतक्या काळजीने निवडलं होतं की तोवर वचन देणारे सगळे निवृत्त झालेले असतील. तेव्हापासून त्यांच्या पोलादाला ते 'हरित पोलाद' म्हणू लागले. सळई दिसायला पूर्वीसारखीच होती. त्याच समारंभात त्यांनी 'हरित प्रहरी' हा नवा पुरस्कार दिला, पर्यावरणासाठी अथक पाठपुरावा करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला. म्हणजे भूगोल सरांना.

पाठपुरावा माझा होता. त्यांचं टिंब होतं.

शाल मी हाताळून पाहिली. अभिनंदनाला गेलो तेव्हा खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. बोलता बोलता मी तिचं टोक चिमटीत धरलं. लोकरच होती. मला शाळेने निरोपाला दिलेली शाल उजेडाकडे धरली की पलीकडचं दार दिसतं. शालीबरोबर सन्मानचिन्ह, कुंडीतलं रोप आणि फ्रिजला चिकटवायचं हिरवं पान होतं. त्या पानामागे चांगलं जाडजूड लोहचुंबक होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'आमचा प्रत्येक श्वास हिरवा'. आमच्या फ्रिजवर विजेचं बिल ज्याने अडकवतो त्या चुंबकात आता जोर राहिलेला नाही. बिल सारखं खाली पडतं.

"सर, आत राहून बदल करता येतो," भूगोल सर मला समजावत होते. "बाहेरून बारा वर्षं वरडलो आपण. काय झालं?"

"तुम्हाला शाल झाली," मी म्हणालो.

ते मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला, हे मला अधिकच लागलं.

चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचे केस काळे केले होते. मी रोज सकाळी फिरायला विरुद्ध दिशेला जात असे. आता चौकावरून जाऊ लागलो. पंधरा दिवसांत त्या हिरव्या पार्श्वभूमीवर करडी साय धरली आणि सरांच्या कपाळावर, गालावर काजळी बसू लागली. बारा वर्षांत ती काजळी मला पहिल्यांदाच आवडली.

होळीनंतर कंपनीला पुस्तिका काढायची होती, कारण तिला तिसरी मोठी भट्टी टाकायची होती. त्यासाठी जनसुनावणी होणार होती, म्हणजे सरकारी साहेब येऊन आसपासच्या लोकांना विचारणार होते की तुमची काही हरकत आहे का. भट्टीची जागा वारा जिकडून आमच्या सोसायटीवर येतो, अगदी त्याच बाजूला. दोन भट्ट्यांतच आमच्या घरात सकाळी फरशीवर पावलं उमटत होती. तिसरी आली तर घर विकून जावं लागलं असतं, आणि ते घेणाऱ्याने आधी एकदाही अनवाणी आत यायला नको होतं.

पुस्तिकेच्या फोटोसाठी कंपनीची माणसं भूगोल सरांच्या गच्चीवर आली. स्वच्छ हवेत वाळवण घातलंय, असं चित्र त्यांना हवं होतं. वहिनींनी त्यांना सांगितलं की कुरडयांना तीन दिवस गहू भिजवावे लागतात, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा. असं उभ्या उभ्या होत नाही. शिवाय आमच्या ओळीतल्या बायका गेली कित्येक वर्षं कुरडया गच्चीवर घालतच नाहीत. पलंगावर चादर अंथरून पंख्याखाली वाळवतात. दोन दिवस घरातली माणसं खाली झोपतात. माणसांना काजळी चालते.

फोटोवाल्यांनी मग जुन्या जालन्यातून तयार कुरडया विकत आणल्या. पांढऱ्या धोतरावर मांडल्या, बाजूला ते पुरस्काराचं रोप ठेवलं, वहिनींना पदर सारखा करायला सांगितला आणि फोटो काढून निघून गेले. हे सगळं मी माझ्या गच्चीवरून, आमची टाकी तपासत असल्यासारखा, पाहत होतो. आमची गच्ची त्यांच्यापेक्षा मोठी आहे. तिच्यावरून दिसतंही जास्त.

त्याच दुपारी वहिनी भाच्याच्या साखरपुड्याला वाटूरला माहेरी गेल्या. कुरडया तशाच राहिल्या. सरांना त्या उचलायच्या असतात हे माहीत नव्हतं.

आठवड्याभराने कंपनीचे जनसंपर्क अधिकारी माझ्याकडे आले. सोबत पुस्तिकेची पहिली प्रत होती. भाषा जरा पाहून द्या म्हणाले. शेवटच्या पानावर 'पृथ्वी वाचवण्यासाठी आपण काय करू शकतो' अशी यादी होती. पहिलं कलम होतं, दात घासताना नळ बंद ठेवा. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. उरलेले दिवस आम्ही पृथ्वी वाचवतच असतो.

"सर, पुढच्या वर्षी प्रहरी म्हणून साहित्यिक माणूस बघून राह्यलोत आम्ही," चहाचा कप ठेवत ते म्हणाले. "तुमचं नाव वरपर्यंत गेलंय. घाई बिलकुल न्हाई. सुनावणी आटपली की बोलू."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. आणि मला लपवायचं नाही, मी खरोखर विचार केला. चार दिवस केला. फ्लेक्सवर कोणता फोटो द्यावा इथपर्यंत तो पोचला होता.

"काय म्हणला तो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. विचार करून सांगतो म्हटलं."

"कशाचा विचार? शाल कोणत्या रंगाची पाह्यजे, याचा?"

तिने फडकं आणून माझ्यासमोर टेबल पुसलं आणि ते फडकं माझ्या वर्तमानपत्रावर ठेवून आत गेली. ते काळं होतं. ती सकाळपासून तिसऱ्यांदा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका न तपासता परत पाठवली. विवेक जागा झाला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्याच सकाळी कळलं होतं की सुनावणीत कंपनीच्या बाजूने भूगोल सर बोलणार आहेत, मंचावर बसून. बसायला सोफा होता. दुसऱ्या क्रमांकाचा प्रहरी होण्यापेक्षा पहिल्या क्रमांकाचा तक्रारदार झालेलं बरं, असं मी ठरवलं.

सुनावणीचा मांडव कारखान्याच्या मैदानातच होता. खाली हिरवी चटई, बाजूला कूलर. प्रवेशाशी प्रत्येकाला एक रोप देत होते, प्लास्टिकच्या पिशवीतून. मागे पुरीभाजीचा वास सुटला होता. पहिलं भाषण माझं. बारा वर्षांच्या अर्जांची फाईल घेऊन मी उभा राहिलो. लिहिलेलं भाषण चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. कंपनीने झाडं कुठे लावली, त्यातली किती जगली, धूर गाळायचं यंत्र कधी चालू असतं आणि कधी फक्त तपासणीच्या दिवशी, हे सगळं त्यात होतं. पण माझ्या कानाशीच कूलर घरघरत होता. तिसऱ्या ओळीपलीकडे फक्त माझे हातवारे पोचले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि "सूचनांची नोंद घेतली" असं म्हणून मला बसवलं.

मग भूगोल सर उठले. त्यांनी माईक कूलरपासून दूर ओढला. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची सवय. पुस्तिका उघडून फोटो दाखवत ते म्हणाले, "हवा सुधारलीय. हे माझ्याच गच्चीवरचं वाळवण आहे. यापेक्षा मोठा पुरावा काय?"

टाळ्या पडल्या. ती ओळ मला सुचली नव्हती याचं वाईट वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने वहिनी उठल्या. हातात स्टीलचा डबा होता.

"ताई, आपण कोण? आधी ओळख सांगा," साहेब म्हणाले.

"ते सोफ्यावरून उठलेत न्हाई का, त्यांची मी घरवाली. फोटोतली गच्ची माझी हाय."

मांडवात हशा झाला. भूगोल सर हळूच म्हणाले, "अगं, घरी बोलू."

"घरीच तर बोलून राह्यले इतक्या दिवसांपासून. तुम्ही ऐकता कुठं?" त्यांनी डबा साहेबांपुढे ठेवून झाकण काढलं. "साहेब, या फोटोतल्याच कुरडया. फोटो काढला तव्हा पांढऱ्या होत्या. चार दिवस वाटूरला गेल्ते, आले तं अशा झाल्या. अन्न हाय, टाकवत न्हाई. खाववत बी न्हाई."

साहेबांनी डब्यात डोकावलं. कुरडया छत्रीच्या कापडासारख्या करड्या झाल्या होत्या.

जनसंपर्क अधिकारी पुढे आले. "ताई, आपला भाग काळ्या जमिनीचा. रानातली माती उडते. तिचा कारखान्याशी काय संबंध?"

"मातीच असंल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून फ्रिजवरचं ते हिरवं पान काढलं आणि त्याची पाठ कुरडयांवरून दोनदा फिरवली. मग पान उलटं करून साहेबांना दाखवलं. चुंबकावर बारीक काळी लव उभी राहिली होती, न्हाव्याच्या कैचीला चिकटलेल्या केसांसारखी.

"आमच्या रानातल्या मातीत लोखंड पिकत न्हाई, साहेब. पिकलं असतं तं मंग कापूस कोणी लावला असता?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पान पाहायला पुढे सरकले. साहेबांनी ते हातात घेतलं, पुढची बाजू वाचली, पुन्हा उलटलं. मग भूगोल सरांकडे पाहिलं. "सर, तुमचं म्हणणं?"

सरांनी डब्यात पाहिलं. मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी सोफ्यावर ठेवली. उन्हाळ्यात ती त्यांनी कशी पांघरली होती, हे मला कोडंच आहे.

"ती म्हणते ते बराबर आहे," ते म्हणाले. "वारा तिकडूनच येतो. माझ्याकडे नकाशा आहे."

नकाशा माझ्या फाईलमध्ये होता. मी तो काढून त्यांना दिला. साहेबांनी पहिल्यांदाच ते टिंब पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वहिनींचा फोटो आला, डब्यासकट. सरांचं वाक्य चौकटीत आलं. त्यांनी कसं धैर्याने सत्य मान्य केलं, वगैरे. बारा वर्षं जी गोष्ट मी मान्यच करत होतो, ती एकदा नाकारून मग मान्य केली की धैर्य होतं, हे मला उशिरा कळलं. बातमीच्या शेवटी 'इतर नागरिकांनीही मते मांडली' असं होतं. इतर नागरिक म्हणजे मी.

संध्याकाळी सर आमच्याकडे आले, दारातच उभे राहिले.

"चुकलं, सर," ते म्हणाले. "तुमच्याऐवजी मी जायला नको होतं त्या स्टेजवर."

"कोणत्या वेळी?" मी विचारलं. "जानेवारीत का काल?"

"दोन्ही वेळी," ते म्हणाले. मग आम्ही चहा घेतला. पुढचा अर्ज माझ्या अक्षरात आहे, खाली दोघांच्या सह्या आहेत. नकाशात टिंबाऐवजी त्यांनी आता चौकोन काढला आहे.

तिसऱ्या भट्टीची परवानगी तूर्त अडली आहे. धूर गाळायचं यंत्र चोवीस तास चालवा, त्याचे आकडे फाटकाबाहेर लोकांना दिसतील असे लावा, मग पुढचं बोलू, असं कंपनीला कळवलंय. फाटकाबाहेर पाटी लागली आहे. आकडे अजून यायचेत. चौकातला फ्लेक्स एका रात्रीत उतरला. पुस्तिकेच्या नव्या प्रतीत वाळवणाच्या जागी मोराचा फोटो आहे.

आणि कंपनीने सोसायटीतल्या प्रत्येक घराला वाळवण झाकायला एकेक हिरवी जाळी वाटली, कोपऱ्यात पानाचं चिन्ह असलेली. तक्रारदारांच्या यादीत माझं नाव चुकून दोनदा आलं होतं, म्हणून आमच्याकडे दोन आल्या. भूगोल सरांकडे एकच आली.