काका आल्यावर

मल्लिनाथकाका नांदेडहून लातूरला निघाले की त्यांच्या पिशवीत कपडे कमी आणि वायरी जास्त असायच्या. लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळलेला बोटाएवढा माइक, त्याची तिवई आणि इंदूकाकूंनी बांधून दिलेल्या दशम्या. एकदा एसटीच्या कंडक्टरनं तिवई बघून विचारलं, "मोजणीला निघाले का काका?" काका म्हणाले, "हाव. पण शेताची न्हाई, खोलीची." कंडक्टरनं गुपचूप तिकीट फाडलं आणि पुढं सरकला.

काका मूळचे बिलोलीचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून लग्नाच्या मांडवात कर्णे बांधत होते. कर्णा बांधणाऱ्याला कर्ण्याखालीच बसावं लागतं, म्हणून दहा-बारा वर्षं ते तिथं बसले. मग नांदेडला रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तीस वर्षं चालवलं. पुढं लोक वस्तू दुरुस्त करायचेच बंद झाले, तेव्हा एक दिवस काकांनी शटर ओढलं. त्यानंतरचे सहा महिने त्या घरात कसे गेले ते एका इंदूकाकूंनाच ठाऊक. माणूस खाटेवर बसून भिंतीकडं बघायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचाही नाही.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते एका सॉफ्टवेअरनं. आता साठीच्या माणसानं हा उद्योग करावा का, असं भाऊबंदांनी नाक मुरडून विचारलंच. पण काका शिकले. स्पीकर कितीही भारी असला तरी खोली त्यात आपलं काहीतरी मिसळतेच. कोपऱ्यात ढोलकी उगीच घुमते, उघड्या फरशीवर शब्द फुटतात. म्हणून बसायच्या जागी कानाच्या उंचीवर माइक लावायचा आणि लॅपटॉपवरून एक सूर सोडायचा. तो पाताळातून निघाल्यासारखा घुमत वर वर चढत जातो आणि शेवटी डासाच्या आवाजाएवढा बारीक होतो. माइक तो ऐकतो, पडद्यावर उंचवट्या-खड्ड्यांची रेघ उमटते, आणि सॉफ्टवेअर ते उंचवटे कापून, खड्डे भरून आवाज सरळ करून देतं. ज्यांना गाण्याचं वेड आहे अशी दहा-बारा घरं नांदेड-लातुरात काकांना सापडली. फोन आला की काका हजर.

पण यंत्राच्या हिशेबावर काम सोडतील तर ते मल्लिनाथकाका कसले! सॉफ्टवेअरचं काम झालं की ते म्हणायचे, "आता माझा हात." मग आपलं एक जुनं रेकॉर्डिंग लावायचे. बिलोलीच्या भजनी मंडळाचं, चाळीस वर्षांपूर्वी स्वतः टेपवर घेतलेलं. त्यात पहिलं कडवं नुसतं मृदंगावर होतं आणि दुसऱ्याला टाळ यायचे. टाळ वाजवत होते गुरुपादप्पा, म्हणजे इंदूकाकूंचे वडील. काका डोळे मिटून बसायचे आणि टाळ स्वच्छ ऐकू येईपर्यंत ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, वर चढवायचे. "मशीनला टाळ कळत न्हाईत," असं त्यांचं ठाम मत होतं. सुरुवातीला हा हात मिठाच्या चिमटीएवढा असायचा. अलीकडं मूठ लागायला लागली होती. मशीनच बिघडत चाललंय, असं काकांना वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. इंदूकाकू आता ऐकायला बसत नव्हत्या. पूर्वी दिवेलागणीला दोघं शेजारी बसायची. टाळ आले की काकू म्हणायच्या, "आप्पा आले." दोनेक वर्षांपासून काकांनी रेकॉर्डिंग लावलं की त्यांना नेमकं स्वयंपाकघरात काम निघायचं. काकांनी विचारलं नाही, पण मनाला लावून घेतलं. बापाच्या आवाजालाही ही विटली, मग आपली काय गत, असं त्यांना वाटायचं.

या खेपेला लातूरचा सुदर्शन होता. कॉलेजात प्राध्यापक, काकांचा जिवलग मित्र उमाशंकर याचा मुलगा. उमाशंकर गेल्यापासून काकांना तो बापाच्या जागी मानायचा. त्यानं बैठकीत नवा सोफा आणला होता, म्हणजे खोली पुन्हा मोजणं आलं. सुदर्शनची बायको पुनम दारातच हात जोडून नमस्कारादाखल म्हणाली, "शरणार्थी काका, या." पाणी झालं, चहा झाला. आणि माइक तिवईवर चढवत असतानाच खाली कुणीतरी सुदर्शनच्या गाडीला गाडी आडवी लावल्याची बोंब झाली. "आलोच काका," म्हणत तो टॅबलेट काकांच्या हातात देऊन जिना उतरला.

त्या टॅबलेटवरून अख्खी यंत्रणा चालायची. जुनं मोजमाप बघावं म्हणून काकांनी यादी उघडली. यादीत तीन नावं होती. पहिलं 'घरचं'. दुसरं 'पिक्चर'. तिसरं 'काका आल्यावर'.

काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. 'काका आल्यावर'च्या पुढं खूण होती, म्हणजे आत्ता तेच चालू होतं. त्यांनी ते उघडलं. त्यात त्यांचा हात होता, जसाच्या तसा. 'घरचं' उघडलं. त्यात नुसतं सॉफ्टवेअरचं काम होतं, हाताचा मागमूस नाही. पाहुणा आला की कपाटातल्या चांगल्या कपबशा काढाव्यात आणि तो गेला की धुऊन ठेवाव्यात, तसा काकांचा आवाज या घरात निघत होता आणि परत आत जात होता.

सुदर्शन वर आला तेव्हा टॅबलेट काकांच्या मांडीवर उघडाच होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कधीपासून रे?" काकांनी विचारलं.

"काका, ते तसं न्हाई..."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील."

"अन् सांगावं वाटलं न्हाई?"

"तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार?" सुदर्शन खाली बघून बोलत होता. "एवढ्या लांबून तुम्ही एसटीनं येता, जीव लावून बसता. तुम्ही चूक म्हणायची माझी काय हिंमत?"

काका पुनमकडं वळले. "पोरी, तू सांग. कसं लागतं माझं?"

पुनमनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताटावर चमचा घासल्यावाणी, काका. दातातून कळ जाते." मग तिला राहवलं नाही. "आम्ही तेव्हाच काकूंना फोन केला होता. सांगू का म्हणून विचारलं. त्याच न्हाई म्हणाल्या. म्हणाल्या, त्यांच्यासमोर काही बोलू नका."

काकांनी माइक काढला, टॉवेलात गुंडाळला. सुदर्शन जेवायला थांबा म्हणून पाया पडला, पण ते थांबले नाहीत. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि काका दशमीचं फडकं न सोडता बसून राहिले. बाकीच्या घरांमध्येही हेच चालत असणार, हे कळायला आता यादी उघडायची गरज नव्हती. लाज वाटत होती आणि रागही येत होता. राग सुदर्शनचा नव्हता. सगळ्यांनी मिळून आपल्याला लहान मुलासारखं खेळू दिलं आणि त्यात आपली बायको सामील, याचा होता.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. काकू गहू निवडत होत्या. "लवकर आलात?" म्हणाल्या. काकांनी चप्पलसुद्धा काढली नाही. लॅपटॉप उघडला, तो चढता सूर लावला आणि म्हणाले, "इथं बस. आवाज संपला की हात वर कर."

"आता हे कशाला?"

"बस म्हणतो ना."

सूर सुरू झाला. खालून घुमत निघाला, खिडकीची काच थरथरली, मग माणसाच्या गळ्यापर्यंत आला, बासरीवर गेला, शिटीवर गेला, आणि काकांच्या लेखी संपला. त्यांनी हात वर केला. पडद्यावरची रेघ पुढं सरकतच होती. काकूंनी हात वर केला नव्हता. त्यांची दोन्ही बोटं कानात होती आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

अशी बोटं घालून बसलेलं त्यांनी तिला शंभरदा पाहिलं होतं. "अगं, बंद झालं की! किती भितीस?" म्हणून दर वेळी हसलेही होते. आज ते रेघेकडं बघत राहिले. एक, दोन, तीन, चार. तेव्हा कुठं काकूंची बोटं खाली आली आणि हात वर झाला.

"तुला ठाऊक होतं," काका म्हणाले.

"हाव."

"अन् लोकांना गप्प बसवलंस."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "दुकान बंद झाल्यावर सहा महिने तुम्ही माझ्याशी बोलला न्हाईत. भिंतीशी बोलायची मी. मग हे यड लागलं अन् तुम्ही हसायला लागलात. लोकाच्या घरी जाऊन येता अन् चार दिवस तेच सांगत बसता. ते मी कसं मोडू? माझे कान दुखले तर दुखले." त्यांचा आवाज फुटला. "आप्पाचे टाळ सहन व्हायचे न्हाईत म्हणून आत जाऊन बसायची. त्याचं मला कमी वाईट वाटलं का?"

दोन वर्षं काकांनी मनातल्या मनात या बाईविषयी अढी धरली होती. कान त्यांचे गेले होते आणि खोल्या ते लोकांच्या दुरुस्त करत फिरत होते. आता उद्यापासून कुठं जायचं, कुणाचा फोन घ्यायचा, हेही त्यांना कळेना. खाटेसमोरची ती भिंत तशीच उभी होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी घरच्या यंत्रणेतला आपला हात काढला. ट्रेबल उतरवत उतरवत मशीननं सांगितलं होतं तिथवर आणलं. बिलोलीचं भजन लावलं आणि खुर्चीत बसले. काकू उठल्या. त्या आत जातील असं काकांना वाटलं, पण त्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

मृदंग वाजला. पहिलं कडवं झालं. काकांच्या कानाला सगळं गोधडीखालून आल्यासारखं लागत होतं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, मान पुढं केली आणि वाट बघितली. दुसरं कडवंही सरत आलं. ट्रेबलच्या बटणाकडं गेलेला हात त्यांनी मागं घेतला.

"टाळ आले का गं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले.

"कवाचे वाजून राहिलेत."