डावा कौल

मला फिट येते, ही गोष्ट आमच्या घरात कधी मोठ्याने बोलली गेली नाही. "हिला चक्कर येते," असं आई सांगायची, आणि तेही कोणी खोदून विचारलं तरच. भिवपुरीजवळच्या आमच्या गावात चक्कर येणारी मुलगी खपून जायची, फिटवाली नाही. शाळेत मी पडले की कोणीतरी चप्पल आणून माझ्या नाकाशी धरायचं. शुद्धीवर आले की आधी चामड्याचा वास यायचा, मग परकर ओला झालेला कळायचा. पोरं लांब उभी राहून बघत असायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी चौथीत असताना कर्जतच्या दवाखान्यात मुंबईचे एक तरुण डॉक्टर येऊ लागले. त्यांच्या इस्पितळात मुलांच्या फिटवर एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. गावाकडची मुलं तिच्यात घेत नसत. ही माणसं एकदा येतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं मत होतं. हे तरुण डॉक्टर त्यांच्याशी भांडून आले होते. आईने मला नेलं तेही आडवाटेने, पदर तोंडावर ओढून. कोणी भेटलंच तर बाजाराला चाललोय म्हणायचं, हे मला वाटेत तीनदा बजावून झालं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काही मुलांना नवं औषध मिळणार, काहींना नेहमीचं जुनं. कोणाला कोणतं, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. आईची मान डोलली. तिला वाटलं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. लग्न असो, विहीर असो, आजारपण असो, आमच्याकडे आधी देवीला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने पायातलं काढलं आणि त्या पाकिटाला हात जोडले. डॉक्टरांना गंमत वाटली असावी, ते हसले. मग पाकीट फोडून म्हणाले, "जुनं औषध."

घरी आल्यावर आईने गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि "डावा पडला गं," एवढंच म्हणाली. त्यातली एकही गोळी मला मिळाली नाही, आणि आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो नाही. देवीच नको म्हणते म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. पुढे शेजारच्या हळदीला मी भर मांडवात पडले. त्यानंतर आईने मला चारचौघांत नेणंच बंद केलं.

एका सकाळी दारात जीप थांबली. जीप म्हटल्यावर सगळी आळी गोळा झाली. आईने मला भाताच्या कणगीमागे ढकललं.

"मुलीला परत का आणलं नाहीत?" डॉक्टरांचा आवाज आला.

"कौल डावा पडला ना. मंग कशाला आणू?"

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, चिठ्ठी नको म्हणत नाही. जुनं औषधही औषधच आहे. दोन्हींतलं कुठलं जास्त चांगलं, ते आम्हालाच माहीत नाही. म्हणून तर चिठ्ठी."

"तुमाला म्हाईत नाय?"

"नाही."

"डॉक्टर असून?"

कणगीच्या आडून मला त्यांचे लाल झालेले कान दिसले. ते खाली आपल्या बुटांकडे बघत होते, शाळेत शुद्धीवर आल्यावर मी बघायची तसेच. मुंबईच्या शिकलेल्या माणसालाही लाज वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मंग ह्ये आधी बोलायचं ना," आई म्हणाली. कणगीमागे हात घालून तिने मला ओढलं. मी पाय रोवले, कारण ओटीसमोर सगळी आळी उभी होती. "चल गं," ती म्हणाली आणि मला फरफटत बाहेर घेऊन आली.

सगळ्यांच्या देखत तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मग आळीकडे तोंड करून बोलली. "चक्कर नाय. हिला फिट येते. पयल्यापासून येते."

धरणी दुभंगावी आणि मी आत जावं, असं मला झालं. मनगटाला थरथर जाणवली, वाटलं आता इथेच फिट येणार. पण ती थरथर आईच्या हाताची होती.

तिने डॉक्टरांकडे बघितलं. "जुनं तर जुनं," ती म्हणाली. "कवा द्यायचं ते सांगा."