तात्या करतात तरी काय

शेजारचा सुतार खुर्च्या करतो, तुम्ही कारखान्यातल्या त्या मनोऱ्यापाशी करता तरी काय, असं विचारून तात्यांच्या बायकोनं जन्मभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एकदा घरच्यांना आत सोडलं, तेव्हा ते तिला घेऊन गेले. खाली अमोनियाच्या नुसत्या झुळकीनं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हा वायू आतून वर चढतो, वरून पाणी झिरपतं," तात्या म्हणाले. "मध्ये बांगड्यांसारखी चिनीमातीची कडी ठासून भरलीत. तिथे दोघांची गाठ पडते आणि पाणी त्याला पोटात घेतं."

धापा टाकत ती माथ्यावर पोचली. मनोऱ्याच्या उघड्या तोंडाशी तिनं आधी भीतभीत श्वास घेतला, मग छाती भरून घेतला.

"अहो, इथे तर काहीच नाही!"

"हेच करतो मी," तात्या म्हणाले.